वाचकांचे प्रश्न : ट्योर्बेल गावची कुरणे आणि पाणी

गेल्या अंकात या सदरात स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या शेतकरी गावावर एक लहान टिपण दिले होते. पाचएकशे वस्तीच्या या गावाने आपली सामाईक कुरणे, जंगल आणि पाणी पाच शतकांहून अधिक काळ स्वतःच्या नियमांनी सांभाळले, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर इतकी पत्रे आली आणि त्यांतले प्रश्न इतके नेमके होते की, या अंकातील सगळी जागा त्यांनाच द्यावी असे वाटले.

प्रश्न : हिंदी चित्रपटांत स्वित्झर्लंड नेहमी हिरवेगार दिसते. ज्या देशात पावसाला आणि बर्फाला तोटा नाही, तिथल्या शेतकऱ्याचे अर्धे काम निसर्गच करून देतो. आमच्या माण तालुक्यातल्या शेतकऱ्यापुढे त्याचे कौतुक कशासाठी? (एक वाचक, दहिवडी)

उत्तर : आपला प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच ट्योर्बेलची निवड केली होती, कारण हे गाव त्या देशातल्या सर्वांत कोरड्या पट्ट्यात आहे. देशाच्या दक्षिणेला व्हालिस नावाचे घटक राज्य आहे. त्यातून वाहणाऱ्या ऱ्होन नदीच्या खोऱ्याला फिस्प या शहरापाशी दक्षिणेकडून एक दरी येऊन मिळते. ती चढत गेलो की श्टाल्डेन येथे तिचे दोन फाटे होतात. एक झेरमाट आणि मॅटरहॉर्न शिखराकडे जातो, दुसरा सास गावांकडे. या श्टाल्डेनच्या वर, पश्चिमेच्या तीव्र उतारावर, सुमारे १,५०० मीटर उंचीवर ट्योर्बेल वसले आहे. आपल्या कळसूबाईचा माथा १,६४६ मीटर आहे, यावरून उंचीचा अंदाज यावा.

आता पावसाचे. या खोऱ्याच्या उत्तरेला बर्नी आल्प्स आणि दक्षिणेला पेनाइन आल्प्स अशा दोन रांगा आहेत आणि दोन्हींत ४,००० मीटरवरची शिखरे आहेत. ढग उत्तरेकडून येवोत की दक्षिणेकडून, त्यांचे पाणी बहुतेक या रांगांवरच उतरते आणि मधली दरी पर्जन्यछायेत राहते. सह्याद्रीच्या पूर्वेला माणदेशाचे जे होते, तेच तिथे दोन्ही बाजूंनी होते. दरीच्या तळाला वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बर्फ धरून. त्यात उतार आग्नेयेकडे तोंड करून असल्यामुळे ऊन भरपूर लागते. पाणी दिले नाही तर जुलैत तिथले गवत पिवळे पडते. चित्रात दिसणारा तो हिरवा उतार माणसांनी पाणी आणून केलेला आहे.

प्रश्न : आमच्या भागात पांझरा नदीवर फड पद्धत होती, अजून काही गावांत आहे. तिथे पाणी कोठून येते आणि वाटणी कोण करते? (एक शेतकरी, साक्री, जि. धुळे)

उत्तर : आपल्या पत्राचा मला विशेष आनंद झाला. फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शिवारात येते, ते पाळीने द्यायला गावाने नेमलेला पाटकरी असतो आणि पाटाची दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची असते. ही व्यवस्था ज्याने पाहिली आहे, त्याला व्हालिसचे पाट समजायला वेळ लागणार नाही.

या पाटांना तिथल्या जर्मन बोलीत ‘सुओने’ म्हणतात. उंचावरचे बर्फ वितळून जे ओढे वाहतात, त्यांना वरच्या अंगाला अडवून पाणी डोंगराच्या कडेकडेने, अगदी थोड्या उताराने, मैलोन् मैल गावापर्यंत आणले जाते. यांतले अनेक पाट मध्ययुगातले आहेत. मातीत चर खणणे शक्य असेल तिथे चर खणला. उभा कडा आडवा आला तिथे कड्यात तुळया ठोकून त्यांवर पोकळ केलेल्या लाकडाच्या पन्हळी बसवल्या. दर वसंतात हिमपाताने आणि दरडींनी मोडलेल्या पन्हळी नव्याने बसवताना माणसे दगावत. या व्यवस्थेची एक गोष्ट मात्र अशी की, पाण्याची गरज ऐन उन्हाळ्यात असते आणि बर्फही त्याच वेळी सर्वाधिक वितळते. आपल्याकडे नेमके याच्या उलट असते.

व्हालिसमधल्या एका जुन्या पाटावर मी ‘पाणहातोडा’ पाहिला. पाटात एक लहानसे लाकडी चक्र बसवलेले असते. पाणी वाहत राहिले की ते फिरते आणि प्रत्येक फेऱ्याला एक लाकडी हातोडा उचलून फळीवर आपटते. ठक, ठक, ठक असा आवाज दरीत लांबवर ऐकू येतो. राखणदाराला रात्री झोपेतही तो ऐकू येत असे आणि आवाज थांबला की पाट फुटला किंवा तुंबला हे ओळखून तो कंदील घेऊन निघत असे. मी तिथे उभा होतो तेव्हा कोणीतरी वरच्या अंगाला फळी टाकून पाणी वळवले आणि तो ठोका थांबला. तोपर्यंत आपण तो ऐकत होतो हेही माझ्या लक्षात आले नव्हते.

वाटणीचा हिशेब पूर्वी कागदावर नसे. ‘टेसेल’ नावाच्या तळहाताएवढ्या लाकडी पट्टीवर तो कोरलेला असे. प्रत्येक कुटुंबाची एक खूण ठरलेली होती, दोन रेघा, एखादी फुली किंवा त्रिकोण, आणि त्या खुणेशेजारी पाण्याचे जितके तास वाट्याला असतील तितक्या खाचा. पाळी दिवसरात्र फिरत असे. ज्याची पाळी मध्यरात्री येई तो मध्यरात्री खोरे घेऊन कुरणात हजर राही. पाण्याचा हक्क वारसाने वाटला जाई, त्यामुळे एखाद्याच्या वाट्याला पाळीचा अर्धा किंवा पाव हिस्साही येई. पाटाने कुरण भिजवण्याच्या या परंपरेचा डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. स्वित्झर्लंडसह युरोपातील सात देशांनी मिळून तो प्रस्ताव दिला होता. पांझरेच्या फडांचे नाव त्या यादीत यावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याहीपेक्षा ते फड चालू राहावेत असे वाटते.

प्रश्न : आमच्या गावचे गायरान माझ्या डोळ्यांदेखत संपले. आधी जनावरे वाढली, मग अतिक्रमणे झाली, मग उरलेले कोणाचेच राहिले नाही. सामाईक जमीन म्हणजे ओसाड जमीन, असेच लोक म्हणतात. ट्योर्बेलमध्ये असे का झाले नाही? तिथली माणसे काही निराळी आहेत काय? (एक निवृत्त शिक्षक, केज, जि. बीड)

उत्तर : माणसे निराळी नाहीत. लोभ, भांडणे, शेजाऱ्याचा हेवा, हे सगळे तिथेही होते; नसते तर नियम लिहून ठेवण्याची गरजच पडली नसती.

१ फेब्रुवारी १४८३ रोजी ट्योर्बेलच्या रहिवाशांनी एका करारावर सह्या करून, उंचावरचे उन्हाळी कुरण, जंगल आणि पडीक जमीन यांची व्यवस्था पाहणारी संघटना स्थापन केली. बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली, तरी तेवढ्यावरून त्याला सामाईक कुरणात गाय सोडण्याचा किंवा जंगलात झाड तोडण्याचा हक्क मिळणार नाही, हे त्यात स्पष्ट केले होते. नवा सभासद घ्यायचा की नाही, हे जुन्या सभासदांनी ठरवायचे. पुढे १५१७ मध्ये जो नियम नोंदला गेला, तो माझ्या मते या गावच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा आहे : हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या वैरणीवर पोसता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवता येतील, त्याहून एकही अधिक नाही.

या एका वाक्यात काय साधले आहे ते पाहा. ट्योर्बेलमध्ये हिवाळा सहा महिन्यांहून अधिक चालतो आणि एवढा काळ गाय गोठ्यात बांधून सुक्या गवतावर ठेवावी लागते. गाय दिवसाला दहा-पंधरा किलो सुके गवत खाते असे धरले, तर एका गाईला एका हिवाळ्यात दोन-तीन टन गवत लागते. ते स्वतःच्या कुरणातूनच कापून, वाळवून, पाठीवरून वाहून आणायचे असते. म्हणजे सामाईक कुरणावरचा हक्क हा प्रत्येकाच्या खासगी कुरणाच्या आणि कष्टाच्या मापाशी बांधला गेला. वसंतात बाहेरून दहा गाई विकत घ्यायच्या, तीन महिने फुकट चारायच्या आणि शरद ऋतूत विकून मोकळे व्हायचे, ही वाट बंद झाली. शिवाय हा नियम तपासायला सोपा होता. कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गाई होत्या, हे लहानशा गावात कोणापासून लपणार?

नियम मोडणाऱ्याला दंड होता. दंड करणारा अधिकारी गावानेच निवडलेला असे आणि दंडाची अर्धी रक्कम त्याला स्वतःकडे ठेवता येई, त्यामुळे डोळेझाक करण्यात त्याचे नुकसानच होते. सभासद दरवर्षी एकत्र जमून नियमांची चर्चा करीत आणि पदाधिकारी निवडीत. उन्हाळ्यात सगळ्या गाईंचे दूध एकत्र करून चीज बनवले जाई आणि ज्याने जितक्या गाई वर पाठवल्या, त्या प्रमाणात मोसमाअखेर त्याला चीज मिळे. जंगलातल्या लाकडाचे तर आधी सारखे ढीग लावत आणि मग कोणाला कोणता ढीग हे चिठ्ठी टाकून ठरवत.

अमेरिकन मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी १९७० च्या सुमारास गावात राहून हे सारे अभ्यासले. त्याच्या थोडे आधी, १९६८ मध्ये, अमेरिकन परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी सामाईक कुरणाचा नाश अटळ असतो असे मांडले होते आणि जगभर ते मान्यही झाले होते. सामाईक जमीन एकतर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा तिचे खासगी तुकडे करावेत, हे धोरण त्याच विचारातून बळावले. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या मांडणीला जे उत्तर दिले, त्यात ट्योर्बेल हे एक ठळक उदाहरण होते. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तेव्हा आपल्या गावचे गायरान सामाईक होते म्हणून संपले, हे मला पटत नाही. त्याची मालकी कागदोपत्री सरकारची, कारभार ग्रामपंचायतीचा आणि वापर सगळ्यांचा. ज्यांची गुरे तिथे चरत होती, त्यांच्या हाती नियम करण्याचा आणि तो मोडणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कधी होता काय? मात्र ट्योर्बेलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही व्यवस्था बाहेरच्यांना बाहेर ठेवून टिकली. जमीन मर्यादित असल्याने लग्ने उशिरा होत, पुष्कळ जण अविवाहित राहत आणि कित्येकांना गाव सोडावे लागे. ती किंमतही त्याच हिशेबात धरावी लागेल.

प्रश्न : घरे लाकडाची आणि काळी का दिसतात? आणि हे लोक खात काय होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घरे लार्च या सूचिपर्णी झाडाच्या ओंडक्यांची असतात. लार्चच्या लाकडात राळ भरपूर असते, ते सहसा कुजत नाही आणि शतकानुशतके ऊन खाऊन आधी तांबूस, मग जवळपास काळे होते. तो रंग उन्हाने दिलेला आहे, लावलेला नाही. वारसाहक्कात सगळ्या मुलामुलींना समान वाटा असल्याने जमिनीचे लहान लहान तुकडे झाले आणि घरेही मजल्या-मजल्याने वाटली गेली. खाली एक भाऊ, वर दुसरा, ही तिथली जुनी रीत आहे.

धान्याची कोठारे मात्र नीट पाहण्यासारखी असतात. कोठार जमिनीपासून उचलून आखूड लाकडी खांबांवर ठेवलेले असते आणि प्रत्येक खांब व कोठार यांच्यामध्ये जात्याच्या तळीसारखी, पण त्याहून रुंद अशी चपटी गोल शिळा असते. उंदीर खांबावर चढतो, पण शिळेच्या खालच्या अंगाला उलटे लटकून कडेपर्यंत जाणे त्याला जमत नाही. त्या शिळेखाली हात घालून मी चाचपून पाहिले. इतक्या वर्षांनीही ती गार आणि गुळगुळीत लागली.

कोठारात राय नावाचे धान्य असे. त्याच्या भाकऱ्या, म्हणजे जाड गोल पाव, गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजत आणि ते महिनोन् महिने पुरवत. अखेरीस ते इतके कडक होत की तोडायला कोयत्यासारखी सुरी लागे. त्याबरोबर चीज, दूध, सुकवलेले मांस आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बटाटा. बटाटा आल्यावर त्याच जमिनीत अधिक माणसे जगू लागली आणि गावाची लोकसंख्या वाढली. द्राक्षाचे मळे खाली, दरीच्या उबदार अंगाला होते.

उतारावर विखुरलेल्या लहान लहान गोठ्यांबद्दलही काही वाचकांनी विचारले आहे. जमिनीचे तुकडे दूरदूर असल्याने सगळे गवत घरी वाहून आणणे अवघड होते. म्हणून गवत जिथे कापले तिथल्याच गोठ्याच्या माळ्यावर भरत आणि हिवाळ्यात गाय एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात हलवत. एका ठिकाणची वैरण संपली की पुढचा गोठा. शेणखतही आपोआप जागच्या जागी पडे.

प्रश्न : माझ्याकडे आठ म्हशी आहेत आणि दुधाचा भाव परवडत नाही. अशा उतारावर मोजक्या गाई पाळून आज कोणाचे घर चालते? (एक दूध उत्पादक, शिराळा, जि. सांगली)

उत्तर : केवळ दुधावर तिथेही चालत नाही. ट्योर्बेलमधले बरेच जण सकाळी बसने किंवा गाडीने खाली फिस्पला नोकरीसाठी जातात. तिथे लोन्झा कंपनीचा मोठा रासायनिक कारखाना विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून आहे आणि त्याने या दरीतल्या कित्येक पिढ्यांना पगार दिला. पाळी संपवून परत यायचे आणि गवत कापायला जायचे, असे कामगार-शेतकरी हे इथले जुने चित्र आहे.

दुसरा आधार सरकारी अनुदानाचा आहे आणि तो मोठा आहे. १९९६ मध्ये मतदानाने राज्यघटनेत शेतीचे कलम घालण्यात आले. अन्न पिकवण्याबरोबरच निसर्गाची निगा राखणे आणि दुर्गम भागांत वस्ती टिकवणे ही शेतीची कामे आहेत, असे ते सांगते. त्यानुसार शेतकऱ्यांना दरवर्षी सुमारे २.८ अब्ज स्विस फ्रँक थेट दिले जातात. उताराचे पैसे वेगळे असतात : १८ ते ३५ टक्के, ३५ ते ५० टक्के आणि ५० टक्क्यांच्या वर, अशा तीन पायऱ्या, चढ जितका तीव्र, तितकी रक्कम अधिक. उन्हाळी कुरणावर गुरे नेण्याबद्दलही पैसे मिळतात.

हे पैसे कशासाठी, असे आपण विचाराल. गवत कापणे थांबले की काही वर्षांतच कुरणात झुडपे शिरतात, मग जंगल येते, आणि सुक्या कुरणांवर वाढणारी शेकडो जातींची रानफुले व कीटक नाहीसे होतात. आल्प्समध्ये सोडलेल्या जमिनींवर असे घडले आहे. मला हे धोरण न्याय्य वाटते. शेतकरी जे काम सगळ्यांसाठी करतो त्याचा मोबदला दुधाच्या भावात कधीच मिळत नाही, हे एका देशाने निदान घटनेत लिहून तरी ठेवले.

प्रश्न : तिथे लांडगे आहेत काय? (एक मेंढपाळ, फलटण)

उत्तर : आहेत. शंभरहून अधिक वर्षे नव्हते. १९९५ पासून इटलीच्या बाजूने आपणहून परत आले आणि व्हालिसमध्ये स्थिरावले. इथल्या काळ्या तोंडाच्या, लांब लोकरीच्या मेंढ्या उन्हाळाभर राखणीशिवाय डोंगरात सोडण्याची रीत होती, कारण भय नव्हते. आता कुत्री, कुंपणे आणि राखणदार लागतात. डिसेंबर २०२३ पासून कायदा बदलून, नुकसान होण्याआधीही लांडगे मारण्याची मुभा ठरावीक अटींवर देण्यात आली असून त्यावर तिथे तीव्र मतभेद आहेत. पिढ्यान् पिढ्या लांडग्याच्या मुलखात कळप राखणाऱ्या आपल्यासारख्यांचा अनुभव त्यांच्यापाशी उरलेला नव्हता.

प्रश्न : गावसभेत बायकांना स्थान होते काय? (एक माजी सरपंच, संगमनेर)

उत्तर : फार उशिरा मिळाले. देशपातळीवर स्त्रियांना मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. पण ट्योर्बेलच्या वरची मोसआल्पची खिंड ओलांडून पलीकडे उतरले की उंटरबेख नावाचे गाव लागते, तिथे मार्च १९५७ मध्ये ग्रामपरिषदेने स्त्रियांना मतदान करू दिले. प्रश्न स्त्रियांवर नागरी संरक्षणाची सक्ती करण्याचा होता. ज्यांच्यावर सक्ती, त्यांनाच विचारायचे नाही हे गावाला पटले नाही. कातारिना त्सेनहॉयझर्न यांनी पहिले मत टाकले. ती मते अधिकृत मोजणीत धरली गेली नाहीत, पण देशपातळीवरच्या मतदानात स्त्रीने मतपेटीत टाकलेली ती पहिली मते होत.

प्रश्न : माळीणची दरड आमच्या तालुक्यात कोसळली. स्विस गावे तर याहून मोठ्या डोंगरांखाली आहेत. त्यांना आधी कळते काय? (एक वाचक, घोडेगाव, ता. आंबेगाव)

उत्तर : ३० जुलै २०१४ च्या त्या सकाळी माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. आपला प्रश्न वाचून उत्तर लिहायला मला दोन दिवस लागले.

व्हालिसमध्येच लोट्शेन दरीत ब्लाटेन हे सुमारे ३०० वस्तीचे गाव होते. त्याच्या वरची बिर्श हिमनदी धोकादायक म्हणून अनेक वर्षे निरीक्षणाखाली होती. मे २०२५ मध्ये वरच्या शिखराचे कडे तुटून हिमनदीवर पडू लागले आणि त्या भाराने तिचा वेग वाढला. १९ मे रोजी सगळे गाव रिकामे करण्यात आले, गुरेही हलवली. नऊ दिवसांनी, २८ मे रोजी, हिमनदी कोसळली आणि गावाचा बहुतांश भाग बर्फ, दगड व चिखलाखाली गेला. नदी अडून जो तलाव झाला त्यात उरलेली घरेही बुडाली. एका व्यक्तीचा मृत्यू झाला. बाकीची माणसे वाचली ती उतार मोजला जात होता म्हणून, आणि मोजणाऱ्यांचे ऐकून लोकांनी त्याच दिवशी घरे सोडली म्हणून. सह्याद्रीचा प्रत्येक उतार असा मोजणे सोपे नाही हे मी जाणतो. पण ज्या वाड्या धोक्यात आहेत हे आधीच ठाऊक आहे, तिथे पावसाळ्यापुरते तरी कोणीतरी रोज मोजमाप घेत असायला हवे, असे मला तळमळून वाटते.

प्रश्न : पुढच्या वर्षी मुलीकडे झ्युरिकला जाणार आहोत. ट्योर्बेल पाहता येईल काय? (एक दांपत्य, पुणे)

उत्तर : अवश्य पाहावे. झ्युरिकहून रेल्वेने फिस्पला जावे आणि तिथून पुढे पिवळ्या टपाल-बसचा मार्ग घ्यावा. शेवटचा चढ नागमोडी वळणांचा आहे. मोसआल्पवरचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, म्हणून जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ चांगला, कारण त्याच वेळी गुरे वरच्या कुरणांवर असतात. एक गोष्ट मात्र पाळावी. गावाभोवती गुडघाभर वाढलेले, फुलांनी भरलेले गवत दिसले की फोटोसाठी त्यात शिरण्याचा मोह होतो. ते गवत कापायचे राहिले आहे, कोणाच्या तरी गाईची ती हिवाळ्याची वैरण आहे आणि तुडवलेले गवत यंत्राला नीट कापता येत नाही. पायवाटेवरूनच चालावे.